दुरुस्तीची तबकडी : एका अडगळीतल्या साधनाचा इतिहास

डोंबारी कितीही कसलेला असो, त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, हा दृष्टान्त आपल्या जुन्या शास्त्रकारांना मोठा प्रिय होता. ज्ञानाला स्वतःचे ज्ञान होते की नाही, या वादात तो पुन्हा पुन्हा पुढे येतो. त्या वादाचा निकाल पंडितांनी लावावा. आम्हांस हा डोंबारी आठवतो तो संगणक बिघडल्यावर. ज्या हार्ड डिस्कच्या आधाराने संगणक उभा असतो तीच नादुरुस्त झाली, तर तिची दुरुस्ती त्याने कोठे उभे राहून करावयाची? या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ एकच होते. बाहेरची एक तबकडी आणावी, संगणक तिच्यावरून सुरू करावा आणि मग आतल्या तबकडीला हात लावावा. ही बाहेरची तबकडी म्हणजे बहुधा संगणकासोबत आलेली इन्स्टॉलेशनची फ्लॉपी वा सीडी असे. आज ती आपल्या घरांतील कपाटांच्या तळाशी लग्नाच्या सीडींखाली पडलेली आढळते आणि ती कशासाठी होती हे घरातील तरुणांस ठाऊक नसते. तिचा इतिहास सांगावा असे वाटण्याचे एक कारण असेही की, आपल्यापैकी अनेक घराण्यांनी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद, वंशावळी आणि जुनी छायाचित्रे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्कॅन करून संगणकाच्या स्वाधीन केली आहेत. मूळ कागद कित्येकांनी रद्दीत घातले. तेव्हा या तबकडीने काय वाचत असे आणि काय वाचत नसे, हे जाणणे आपल्याला परवडेनासे नाही.

आधी संगणक सुरू कसा होतो ते पाहू. वीज बंद होताच त्याची काम करण्याची स्मृती कोरी होते. वीज येते तेव्हा त्याला स्वतःचे नावही ठाऊक नसते. कोणती आज्ञा पाळावी हे सांगणारी आज्ञावली तबकडीवर असते. परंतु तबकडी वाचावी कशी हे सांगणारीही एक आज्ञावली लागतेच. ती कोठून आणावी? इंग्रजीत या पेचाला, स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणाऱ्या माणसाची उपमा दिली गेली आणि त्यावरून संगणक 'बूट' करणे हा शब्दप्रयोग रूढ झाला. म्हणजे आपला डोंबारी तिकडेही होताच. १९७५ साली आलेल्या आल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाच्या मालकाला पहिल्या आज्ञा यंत्राच्या तोंडावरील खटके एकेक करून वरखाली करीत भराव्या लागत. पुढे या पहिल्या आज्ञा न पुसल्या जाणाऱ्या एका चिपमध्ये कायमच्या कोरून ठेवण्याची पद्धत पडली. ही चिप जागी होते, एखादी तबकडी शोधते, तिचा पहिला लहानसा भाग वाचते आणि पुढचा सारा कारभार त्या भागातील आज्ञांच्या हाती सोपवून मोकळी होते. सोपवताना ती फारशी चौकशी करीत नसे. पुढे व्हायचे ते सारे, बरे आणि वाईटही, या भाबडेपणातून झाले.

फ्लॉपीचा जन्म मुळात या कामासाठी झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. पत्रे लिहून साठवण्याची वस्तू म्हणून आपण तिला ओळखतो. परंतु आयबीएम कंपनीने सिस्टिम/३७० ही मोठ्या संगणकांची मालिका १९७० साली जाहीर केली, तेव्हा त्या यंत्रांच्या अगदी मुळाशी असलेल्या सूचना वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत ठेवल्या होत्या. प्रत्येक वेळी त्या नव्याने भरणे भाग होते. त्यासाठी कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेने आठ इंच व्यासाची एक लवचिक चुंबकीय तबकडी तयार केली. १९७१ साली ती ग्राहकांकडे जाऊ लागली. तिच्यावर सुमारे ८० किलोबाइट मजकूर मावे, आणि मुख्य म्हणजे ग्राहकाकडील यंत्राला ती केवळ वाचता येई. तिच्यावर लिहिता येत नसे. कारखान्यात जे लिहिले तेच तिच्यावर राही. बाहेरून यावे, यंत्राला उभे करावे, आणि यंत्रात काही बिघाड असला तरी त्याची लागण स्वतःला होऊ देऊ नये, हे दुरुस्तीच्या तबकडीचे तिन्ही गुण या पहिल्या फ्लॉपीत होते.

घरोघर पोहोचलेल्या संगणकांचा वंश सुरू होतो तो आयबीएमच्याच १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या पीसीपासून. त्यात हार्ड डिस्क नव्हती. सव्वापाच इंची फ्लॉपी घालावी, मग यंत्र सुरू व्हावे. ८ मार्च १९८३ रोजी पीसी-एक्सटी आला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज भ्रमणध्वनीवर घेतलेली दोन-चार छायाचित्रे तेवढी जागा खातात, पण त्या काळी एवढी जागा भरायची कशाने, असा प्रश्न पडे. या यंत्राच्या चिपने शोधाचा एक क्रम ठरवला होता: प्रथम 'ए' म्हणजे फ्लॉपी पाहावयाची, ती नसेल तरच आतली हार्ड डिस्क. संगणकाचे बिऱ्हाड आतल्या डिस्कवर हलले तरी दाराची किल्ली बाहेरच्याच हाती राहिली. आतली डिस्क कितीही रुसली तरी फ्लॉपी घालून यंत्र उभे करता येई. पुढील वीस वर्षांतील सारी दुरुस्ती या क्रमावर अवलंबून होती.

आता दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे सांगितले पाहिजे. कारण येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. तबकडीवर दोन गोष्टी असतात: मजकूर, आणि तो कोठे ठेवला आहे याची खतावणी. एखादे पत्र तबकडीवर सलग लिहिलेले असतेच असे नाही; त्याचे तुकडे जेथे जागा मिळेल तेथे पडलेले असतात. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, हे खतावणी सांगते. डॉसच्या तबकडीवर या खतावणीच्या दोन प्रती ठेवीत, एवढे तिचे महत्त्व. लिहिता लिहिता वीज गेली की खतावणी अर्धवट राही. एकच तुकडा दोन पत्रांच्या नावे लागे, किंवा मजकूर असूनही त्याला कोणी वाली उरत नसे. डॉसमधील चेकडिस्क ही आज्ञावली, आणि १९९३ साली एमएस-डॉस ६.२ सोबत आलेली स्कॅनडिस्क, या दोन्ही खतावणी जुळवणाऱ्या. वाली नसलेले तुकडे त्या गोळा करीत आणि 'फाइल००००', 'फाइल०००१' अशी अनुक्रमांकाची नावे देऊन ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे चटकन कळेल. रुमालावरची चिठ्ठी गळाली तर आतले कागद नष्ट होत नाहीत. पण कोणाचे, कोणत्या सालचे, हे एकेक उलगडून वाचल्यावाचून कळत नाही. चेकडिस्कचे काम चिठ्ठी गळालेले कागद नव्या रुमालात बांधून त्यावर क्रमांक घालण्याएवढेच. तबकडी 'दुरुस्त झाली' असे यंत्र सांगते तेव्हा खतावणी आता परस्परविरोधी नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमचे पत्र परत मिळाले, असे ते म्हणत नसते.

हे काम बाहेरूनच का करावे लागते, याचे उत्तर हिशेबखात्यात आयुष्य गेलेल्यास पटकन सुचते. लेखापरीक्षक वही तपासत असताना कारकून त्याच वहीत नव्या नोंदी करीत राहिला तर बेरीज कधीही जुळायची नाही. चालू संगणक आपल्या डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असतो, वापरणाऱ्याने हात बांधून ठेवले तरीही. बेल प्रयोगशाळेत वाढलेल्या युनिक्स प्रणालीसाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी 'एफएसचेक' अर्थात एफ-एस-सी-के ही तपासणीची आज्ञावली लिहिली, तिचाही दंडक हाच: ज्या विभागाची तपासणी करावयाची तो वापरातून काढा, आणि मूळ विभाग काढता येत नसेल तर निदान केवळ वाचण्यापुरता उघडा. तेथेही बेवारस सापडलेल्या फायली ठेवण्यासाठी एक स्वतंत्र कप्पा असे. त्याचे नाव 'हरवले-सापडले' अशा अर्थाचे आहे आणि आजच्या लिनक्स संगणकांतही ते तसेच आहे.

ज्या दाराने वैद्य येतो त्याच दाराने चोरही येतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या त्या पहिल्या भागात जाऊन बसला, ज्याच्या हाती चिप डोळे मिटून कारभार सोपवते. पुढे आलेले त्याचे भाऊबंद हार्ड डिस्कच्या पहिल्या भागातही घर करू लागले. त्यांतील 'मायकेलअँजेलो' हा ६ मार्च रोजी डिस्कवरील मजकूर नासवी, आणि १९९२ सालच्या त्या तारखेची धास्ती जगभरच्या वृत्तपत्रांनी घेतली होती. आदल्या दिवशीची फ्लॉपी यंत्रात विसरून राहिली आणि सकाळी बटण दाबले, की लागण झालीच. ती फ्लॉपी यंत्र सुरू करण्याच्या कामाची नाही असा संदेश पडद्यावर येईतो विषाणू आत गेलेला असे. यावर उपायही तबकडीचाच होता: निरोगी यंत्रावर तयार केलेली आणि लिहिण्यास बंद केलेली फ्लॉपी. सव्वापाच इंचीच्या कडेच्या खाचेवर कागदाचा तुकडा चिकटवीत, साडेतीन इंचीला एक छोटी सरकपट्टी असे. ती खाच बुजवण्यात १९७१च्या त्या केवळ-वाच तबकडीचा मूळ गुणच परत आणला जाई.

सीडीला खाच बुजवण्याची गरजच नव्हती, कारण कारखान्यात छापलेली सीडी पुसता येत नाही. अडचण वेगळीच होती. जुन्या चिपला सीडी ओळखता येत नसे, म्हणून आधी फ्लॉपीने यंत्र उठवावे, फ्लॉपीने सीडीची ओळख करून द्यावी, मग सीडी चालावी, अशी दुहेरी कसरत चाले. जानेवारी १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम यांनी एक संकेत प्रसिद्ध केला. त्याने सीडीवरच फ्लॉपीची हुबेहूब नक्कल ठेवण्याची सोय केली आणि चिपला सीडी हीच फ्लॉपी वाटू लागली. या संकेताचे नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील ज्या उपाहारगृहात त्याची कल्पना आकाराला आली त्याचे हे नाव होय. मसाल्याच्या डोशावर चर्चा करून ठरलेल्या संकेतास आपल्याकडे कोणी उपाहारगृहाचे नाव दिले असते का, अशी शंका मनात येऊन जाते.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली, आणि सीडीवरून दुरुस्ती हा जणू घरगुती विधी झाला. सीडी घालून यंत्र सुरू करावे, पडद्यावर 'कोणतीही कळ दाबा' अशी सूचना आली की विलंब न लावता कळ दाबावी, निळ्या पडद्यावर 'आर' दाबून दुरुस्तीच्या काळ्या पडद्याशी यावे, आणि तेथे चेकडिस्कची आज्ञा द्यावी. चालू विंडोजमधून हीच आज्ञा दिली तर ती नम्रपणे नकार देई: ही डिस्क वापरात आहे, पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना तपासू का? डोंबाऱ्याचा दृष्टान्त यंत्राच्या तोंडून ऐकावयाचा तो असा.

या सुमारास कागदाचे राज्य संपत चालले होते. संयुक्त आंध्र प्रदेशात १९९८ साली 'कार्ड' प्रकल्पान्वये दुय्यम निबंधकांच्या दोनशेहून अधिक कचेऱ्यांत दस्तनोंदणी संगणकावर आली. हैदराबादेतील घरांची खरेदीखतेही त्यांत आली. आम्ही ज्या कचेरीत होतो तेथील संगणकांच्या पुरवठादाराने यंत्रे पोहोचवली, देयक वसूल केले. इन्स्टॉलेशनच्या सीडी मात्र पाचांत मिळून एक दिली. ती सीडी जडवस्तूंच्या नोंदवहीत चढली, लोखंडी कपाटात कुलूपबंद झाली आणि सहीशिवाय बाहेर येईनाशी झाली. हसू येईल, परंतु निवृत्तिवेतनाच्या देयकांचे यंत्र एका महिनाअखेरीस उभे राहीना तेव्हा तिनेच ते उभे केले. दुपारी लावलेली तपासणी कचेरी सुटेपर्यंत चालली. देयके वाचली, दोन पत्रव्यवहार मात्र क्रमांकाच्या नावांनी परत आले आणि ते कोणाचे हे शोधण्यात कारकुनाचा आठवडा गेला.

ॲपलच्या मॅकिंटॉशची कथा याहून सौम्य, पण धडा तोच. १९८४चा पहिला मॅक हार्ड डिस्कवाचूनच होता. त्याला सुरू करणारी तबकडी सापडली नाही की पडद्यावर फ्लॉपीचे चित्र आणि त्यात प्रश्नचिन्ह लुकलुके. पुढच्या काळात फ्लॉपीच्या जागी फोल्डर आले. मार्च २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन प्रणालीसोबतची डिस्क घालून 'सी' कळ दाबून धरली की यंत्र डिस्कवरून सुरू होई. मग प्रणाली नव्याने घालण्याच्या फंदात न पडता वरच्या यादीतून 'डिस्क युटिलिटी' उघडावयाची. हीच सोय चालू मॅकमध्येही होती, परंतु तेथे स्वतःच्या डिस्कसाठी 'तपासा' हे बटण चाले आणि 'दुरुस्त करा' हे फिके पडून निश्चल राही. बाहेरच्या डिस्कवरून आले की तेच बटण ठळक होई. संपूर्ण सिद्धान्त एका बटणाच्या रंगात सांगितलेला आम्ही अन्यत्र पाहिला नाही. पुष्कळ लोक मात्र घाबरून डिस्क युटिलिटीऐवजी नव्याने प्रणाली घालण्याचा वा डिस्क पुसण्याचा मार्ग धरीत, आणि मुलांची छायाचित्रे घालवून बसत. वैद्याच्या पेटीत औषध आणि विष शेजारीशेजारी असते.

बाहेरच्या तबकडीचा खरा उदार उपयोग दाखवला तो क्लाउस क्नोपर या जर्मन गृहस्थांनी. त्यांची 'क्नोपिक्स' ही लिनक्स प्रणाली २००० साली आली. तिला हार्ड डिस्कची गरजच नव्हती. सुमारे दोन गिगाबाइट सामग्री दाबून एका सीडीत बसवली होती आणि संपूर्ण संगणक सीडीवरून चाले. भारतातील संगणकविषयक इंग्रजी मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी फुकट येत, त्यांतून ही विद्या आपल्याकडेही पसरली. आतली डिस्क मोडकळीला आली असता तिला दुरुस्त न करता प्रथम तिच्यावरचे कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत, हा क्रम त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. हाच क्रम योग्य. खतावणी विस्कटली असेल तर चेकडिस्क उपयोगी; परंतु डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, यंत्राचे भाग झिजले असतील, तर दुरुस्तीची दीर्घ तपासणी म्हणजे दम लागलेल्या रोग्याला पर्वती चढावयास लावणे. आधी नक्कल, मग दुरुस्ती. घराण्याचे कागद असतील तर विशेषेकरून.

मग ही तबकडी अडगळीत का गेली? एक कारण चांगले होते. विंडोज एनटीने १९९३ मध्ये आणि मॅकने २००२ मध्ये खतावणीआधी रोजकीर्द लिहिण्याची पद्धत स्वीकारली. काय करणार हे आधी कच्चे टिपावे, मग पक्क्या वहीत चढवावे. मध्ये वीज गेली तर कीर्द पाहून वही पुरी करावी. आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले. त्याने बिघाड पुष्कळ घटले. दुसरे कारण काटकसरीचे. सीडी देण्याचा खर्च वाचवण्यासाठी उत्पादकांनी दुरुस्तीची आज्ञावली हार्ड डिस्कच्याच एका लपलेल्या कप्प्यात ठेवावयास सुरुवात केली. ॲपलने जुलै २०११ मध्ये 'लायन' ही प्रणाली आंतरजालावरून विकावयास काढली आणि ६५० मेगाबाइटचा असा कप्पा प्रत्येक यंत्रात केला. साधारण एका सीडीएवढाच! सोय झाली, यात शंका नाही. परंतु औषध रोग्याच्याच पोटात ठेवले, आणि डिस्क समूळ गेली की औषधही तिच्याबरोबर गेले. आमच्या मते ही काटकसर ग्राहकाच्या जिवावर झाली.

तिचा हिशेब १९ जुलै २०२४ रोजी पुढे आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने सकाळी पावणेदहाच्या सुमारास, आपल्या घड्याळाने, जगभरच्या विंडोज संगणकांना एक सदोष फाइल धाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली, पुन्हा सुरू होऊ लागली आणि पुन्हा कोसळली. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली. परंतु जे यंत्र धड उभेच राहत नाही त्याला सुधारलेली फाइल पोहोचवायची कशी? बहुसंख्य यंत्रांजवळ माणसाला स्वतः जावे लागले, ते सुरक्षित अवस्थेत किंवा बाहेरच्या यूएसबीवरून सुरू करून ती एक फाइल पुसावी लागली. मायक्रोसॉफ्टने एक-दोन दिवसांतच अशी यूएसबी बनवण्याचे साधन प्रसिद्ध केले. ज्यांच्या डिस्क कूटबद्ध होत्या त्यांना आधी ४८ अंकी किल्ली हवी होती, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्याही बंद पडलेल्या यंत्रांतच होत्या. त्या दिवशी हैदराबादहून कोलकात्यास निघालेल्या एका प्रवाशाला विमानाचा प्रवेशपत्राचा कागद हाताने लिहून मिळाला, त्याचे चित्र सर्वत्र फिरले.

आज सीडीचा कप्पा नव्या संगणकांत क्वचितच दिसतो. विंडोजची इन्स्टॉलेशनची तबकडी आता ८ गिगाबाइटच्या यूएसबीवर कोणालाही घरी तयार करता येते, आणि चेकडिस्क तिच्यावरही आहे, त्याच नावाने. मॅकने २०२० पासून स्वतःच्या चिपा वापरावयास घेतल्या. त्या यंत्रांत सुरुवातीचे बटण दाबून धरले की आतला दुरुस्तीचा कप्पा उघडतो. आणि तोही नासला असेल, तर ॲपलचीच सूचना अशी आहे की दुसरा एक मॅक शेजारी आणावा, दोघांना केबलने जोडावे आणि त्या दुसऱ्यावरून पहिल्याला उठवावे.